खालच्या आळीचा ढोल

आमच्या कडेगावात तेव्हा जेवायला उशीर झाला तर माणसं चालवून घेत, पण बँडचा ताल चुकला तर घालूनपाडून बोलत. गाव एवढंसं आणि बँड दोन. एक वरच्या आळीचा, एक आमच्या खालच्या आळीचा. आमच्या बँडात मी झांजा वाजवायचो. अंगात कला नाही पण मिरवायची हौस दांडगी, अशा माणसाला झांजा बऱ्या.

जत्रेच्या दिवशी दोन्ही बँड चौकात समोरासमोर उभे राहायचे आणि एकाच वेळी आपापली वेगळी चाल वाजवायचे. समोरच्याचा ताल कानात शिरून ज्यांचा ताल ढळला, ते हरले. जिंकलेला बँड पुढच्या जत्रेपर्यंत पालखीपुढे चालायचा. आमचा ढोलवाला जोतिबा लढाईवर गेला आणि तेव्हापासून आम्ही दरसाल हरत आलो. त्याच्यासारखा खमका ताल पंचक्रोशीत कुणाचा नव्हता.

शेहेचाळीस साली तो परत आला. हातपाय धड होते, पण तोफांच्या आवाजानं दोन्ही कान पार गेले होते. आल्या आल्या आमच्या सरावाच्या खोलीत शिरला, ढोल गळ्यात अडकवला आणि आमच्याकडे बघत उभा राहिला. कुणाला मान वर करवेना. शेवटी आमचे वस्ताद इलियासभाई, जे क्लॅरिनेट वाजवायचे, त्यांनी पुढं होऊन त्याच्या गळ्यातला पट्टा हळूच काढून घेतला. जोतिबा घरी गेला.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको साळूबाई वस्तादांच्या दारात हजर.

"आवं वस्ताद, कान गेल्यात, हात न्हाई गेलं. घरातलं समदं डबं बडवून चेपवल्यात त्यांनी. म्हणत्यात, ढोल न्हाई तर जित्ता कशाला आलो? आता ह्येचं उत्तर तुमीच द्या."

वस्ताद म्हणाले, "ही येक जत्रा. ताल ढळला तर ढोल दुसऱ्याकडं. सांगा त्याला, वहिनी."

मला हा शुद्ध वेडेपणा वाटला आणि मी तसं बोलूनही दाखवलं. पण झांजवाल्याचं कोण ऐकतो?

जत्रेला चौकात मुंगी शिरायला जागा नव्हती. साळूबाई बायकांच्या घोळक्यात अगदी पुढं उभी होती. वस्तादांनी आजवर कुणी केलं नव्हतं ते केलं. समोरच्या बँडकडे सरळ पाठ फिरवली आणि जोतिबाकडे तोंड करून उभे राहिले. टाचेनं ठेका धरला. जोतिबाची नजर त्या टाचेवर. त्याचा पहिला ठोका पडला आणि माझ्या अंगावर काटा आला. तोच जुना जोतिबा!

वरच्या आळीनं जोर केला. आमचा कर्णेवाला घसरला; मी तर केव्हाच घसरलो होतो. मग वस्तादांची टाचसुद्धा डगमगली. संपलं, असं मी मनात म्हटलं. पण जोतिबानं टाचेवरची नजर काढली आणि डोळेच मिटून घेतले. ढोलाचा ताल तसूभर हलला नाही. आम्हा सगळ्यांच्या कानांत वरची आळी घुसली होती, एका त्याच्या कानात तिला शिरताच येत नव्हतं. त्या ठोक्याला धरून आम्ही एकेक करून परत जागेवर आलो. थोड्या वेळानं समोरचा ढोल आमच्या ठोक्यावर पडू लागला. मागोमाग त्यांचे कर्णे, त्यांच्या झांजा. सगळा चौक एका तालात. मी उभ्या जन्मात तसं काही ऐकलेलं नाही. माणसं ओरडायचंही विसरली.

वरच्या आळीच्या मास्तरांनी हार मानून हात वर केला. ते थांबले, आम्ही थांबलो. जोतिबा मात्र डोळे मिटून एकटाच वाजवत होता. एवढ्या गर्दीत कुणी हसलं नाही. वस्तादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तसा तो दचकला. सगळे थांबलेले बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"चुकलो का रं?" तो मोठ्यानं म्हणाला.

वस्तादांचे डोळे भरून आले. त्यांनी त्याच्या हातातली काठी काढून घेतली, त्याचे दोन्ही तळवे ढोलाच्या कातड्यावर ठेवले आणि दोन्ही बँडांना खूण केली. आम्ही सगळे जीव ओतून एकदम वाजवू लागलो. त्याच्या तळव्यांखाली कातडं थरथरायला लागलं. जोतिबा श्वास रोखून तसाच उभा राहिला.

बायकोला चारचौघांत नावानं हाक मारायची तेव्हा आमच्याकडे रीत नव्हती. जोतिबानं मारली.

"साळू! आगं, ऐकू येतंया!"