ताईची पैठणी आणि मोंबाशाची जकात

नाशिकरोडला गाडी हलली तेव्हा आईनं खिडकीतून पैठणी माझ्या मांडीवर ठेवली. रडणं वगैरे काही नाही, नुसता हुकूम: "घडी ताईनंच मोडायची. मधे कुणी अंगाला लावायची नाही." आफ्रिकेत मोंबाशाला दिलेल्या ताईला लग्नात शेजारणीची उसनी पैठणी नेसवली होती, ते आईला इतकी वर्षं सलत होतं. मी तिकडे शिवणकामाला निघालो म्हटल्यावर पाटल्या मोडून तिनं येवल्याहून ही विणवून आणली.

मागं राहिलेल्यांनो, तुम्ही सुखी. तुमचा जकात नाका एक, शिपाई ओळखीचा, मेथीच्या पाटीखाली हत्ती झाकून नेलात तरी "काय, बरंय ना?" एवढंच विचारणार. बोटीवर कळलं, दर बंदराचा न्याय निराळा. एडनला नव्या कापडावर काही नाही, मोंबाशाला कर. अंगावर वापरलेलं असलं तर तिथंही माफ. झालं, डेकवर जो तो नवे कपडे चढवू लागला. एका काठेवाडी शेटजींनी एकावर एक सात कोट घातले. दारातून ते आडवेही जाईनात.

कराचे पैसे आईनं वेगळे बांधून दिले होते. पण मी साऱ्या डेकला ऐकवून बसलेलो: "नाशिककर कर भरत नसतो, शेट."

मोंबाशाच्या कचेरीत साहेबानं पैठणी उचलली. त्याच्या गोंयकार कारकुनानं विचारलं, "नवी?"

"वापरलेली."

"बाई कुठाय?"

मागं सगळी डेक कान टवकारून. माझी जीभ थांबते थोडीच. "मीच नेसतो. आमच्याकडे सणावारी पुरुष नेसतात."

"मग नेस बघू."

नेसलो. नऊवारी, कासोटा घालून. आईला रोज बघून हातांना पाठ झालेलं. साहेब हसता हसता खुर्चीसकट आडवा झाला, बंदरातल्या बोटींनी भोंगे दिले, आणि एक पै न देता मी तसाच बाहेर आलो.

बाहेर ताई उभी होती. आधी हसली. मग पदरावरची येवल्याची जर ओळखून जवळ आली.

"पैसे नव्हते का रे?"

"होते."

तिनं भर रस्त्यात पैठणी माझ्या अंगावरून सोडवली आणि जुन्या मोडीवर मोड ठेवून घडी घातली. ती तिनं आजवर नेसलेली नाही.

आईला मी लिहिलं, ताईनंच घडी मोडली. आईचं उलट पत्र: कशी दिसली ते लिही. तेव्हापासून लिहितोय. ताई गोरी झाली, उंच झाली, गव्हर्नरच्या मडमेनं गाडी थांबवून पदर हातात घेतला. पत्र टाकलं की पाय ठरत नाहीत. मोंबाशा सोडून नैरोबी, नैरोबी सोडून कंपाला. मशीन डोक्यावर घेऊन हिंडतो. दोनदा मुंबईला उतरलो, नाशिकच्या गाडीत बसलो आणि सुटायच्या आत खाली उतरलो.

कुठल्याही बंदरात मी काहीही पार करून दाखवीन. पण घरी सामान कुणी उघडत नाही. आई पाण्याचा तांब्या पुढे करते आणि नुसती तोंडाकडे बघते.