चढावरचा होकार

आमचे अण्णा, रामकिशन मास्तर, आईला मागं कॅरिअरवर बसवून कंधारचा चढ सायकलनं चढायचे. जोरात पायडल मारलं की रक्तातला बहुतेक ऑक्सिजन मांड्याच ओढून घेतात. छाती भात्यासारखी हलते, पण बोलायला दम उरत नाही. आईनं हे बरोबर हेरलं होतं. शिलाई मशीन, माहेरी जाणं, सगळं ती चढावरच मागायची. "पोरीला लातूरला शिकायला धाडायचं, हाव ना?" तिनं विचारलं तेही तिथंच. अण्णांनी नुसती मान हलवली. मी शिकले.

आई गेली. डॉक्टरांच्या सांगण्यावरून अण्णा आता घरातच व्यायामाची सायकल मारतात. काल त्यांना जोराची धाप लागली. मी पाणी घेऊन गेले, तर मागं कुणी नसताना त्यांची मान हलत होती. हाव, हाव.