टेपखालचा जोड

माझ्या बायकोला माझे सगळे उद्योग माहीत आहेत. कुणाला टोपी घातली, कुणाशी भांडलो, कुठल्या लग्नात आहेर न करताच जेवून आलो — सगळे. एवढा एक सोडून. हा तिलाही माहीत नाही आणि शेजारच्या गाळ्यातल्या मित्रालाही नाही. आज तुमच्यापाशी बोलतोय. का, ते विचारू नका, मलाच धड सांगता येणार नाही.

सातपूरला माझा गाळा आहे, गाड्यांच्या वायरिंगचा. लोक मला ‘मशीनवाला’ म्हणतात, कारण गाडीला जोडून बिघाड वाचायचं मशीन, स्कॅनर, आमच्या लायनीत पहिल्यांदा मी आणलं. आणि खरं सांगू? त्या मशीनची मला भलतीच घमेंड होती. बाकीचे मिस्त्री बोनेटमध्ये डोकं घालून घामाघूम व्हायचे, मी सीटवर बसून स्क्रीन बघायचो. गिऱ्हाईक बाहेर गपचूप उभं, डॉक्टर रिपोर्ट वाचत असताना राहतं तसं. मी म्हणेन ते खरं. असं कुणाला आवडणार नाही?

गाडीच्या आतलं थोडं सांगावं लागेल, नाहीतर मी काय केलं ते तुम्हाला कळायचं नाही. आताच्या गाडीत इंजिनाची एक पेटी असते, ब्रेकची एक, समोरच्या काट्यांची एक. या सगळ्या पेट्या दोन बारीक वायरींवरून एकमेकींशी सतत बोलत असतात. त्या दोन वायरी कुठे उघड्या पडून एकमेकींना टेकल्या, की सगळ्यांचं बोलणं एकदम बंद. काटे खाली झोपतात, नाही नाही ते दिवे लागतात, गाडी ओढत नाही. वायरी सुट्या झाल्या की पुन्हा सगळं झकास — काही झालंच नव्हतं जणू. असला फॉल्ट म्हणजे डोक्याला ताप. रस्त्यावर नाचवणारी गाडी गाळ्यात आली की शहाण्या बाळासारखी उभी राहते.

सुनंदाताई शाळेची बस चालवायच्या. माहेर चांदवडकडचं, ट्रॅक्टरवर हात बसलेला. नवरा कंपनीत कायम होता, घर नीट चाललं होतं. बस त्या हौसेनं चालवायच्या आणि तसं कुणालाही बिनधास्त सांगायच्या. पोरं त्यांना ‘पायलट मावशी’ म्हणायची. बसचे मालक भाऊसाहेब. बाईच्या हातात बस द्यायला त्यांनी आधी बरेच आढेवेढे घेतले होते. बाकीचे ड्रायव्हर तर टपूनच बसलेले — कधी चुकते आणि कधी हसतो.

तर एकदा ताई बस घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, गतिरोधकावरून गेलं की कधीकधी सगळे काटे पडतात, गाडी मेल्यासारखी होते, मग आपोआप ठीक होते. मी मशीन लावलं. स्क्रीन कोडांनी भरली. अमक्याचा तमक्याशी संपर्क तुटला, तमक्याचा अमक्याशी. आणि मी काय केलं? सवयीनं सगळं पुसून टाकलं.

ही आमच्या धंद्यातली खोड आहे. जुना कचरा पुसायचा, गाडी फिरवायची, पुन्हा काय येतं ते बघायचं. पण पुसायच्या आधी फोटो काढून ठेवायचा असतो. तो मी काढला नाही. बस फिरवून आणली, एकही कोड परत आला नाही. तेवढ्यात भाऊसाहेब आले. काय निघालं, म्हणाले. आता मी म्हणायला हवं होतं की निघालं होतं, बरंच निघालं होतं, माझ्या हातून पुसलं गेलं. किती सोपं वाक्य होतं! पण मशीनवाल्यानं नवशिक्यासारखं काम केलं, हे कोण कबूल करणार? मी म्हणालो, “काही नाही भाऊसाहेब, गाडी क्लीन आहे.”

ताई शेजारीच उभ्या होत्या. माझ्याकडे बघत राहिल्या. स्क्रीन त्यांनीही लांबून पाहिली होती, पण त्यावर काय लिहिलंय ते त्यांना कुठून कळणार?

इथवर थांबलं असतं तर मी आज बोलत बसलो नसतो. बारीकसारीक खोटं रोजच्या धंद्यात किती होतं! पण पुढे एका दुपारी उड्डाणपुलाच्या तोंडाशी बस पुन्हा मेली. ताईंनी पोरांना जागेवरून हलू दिलं नाही, स्वतः खाली उतरून मागची वाहनं बाजूनं काढली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण कुठल्याशा पालकानं व्हिडिओ काढला आणि शाळेच्या ग्रुपवर टाकला. भाऊसाहेबांचा मला फोन आला — मशीन काय म्हणतं ते पुन्हा एकदा नक्की सांग. मी सांगितलं, मशीन खोटं बोलत नाही. शब्दाला शब्द खरं होतं ते. खोटं बोलत होतो मी. दुसऱ्या दिवशी ताईंना स्टिअरिंगवरून काढलं आणि पोरांची चढउतार बघायला दाराशी उभं केलं.

नवा ड्रायव्हर घेण्याआधी बस सर्व्हिसिंगला माझ्याकडे आली. या वेळी मात्र मी मशीनला हात लावला नाही. बॅटरी सोडली, त्या दोन वायरींवर मीटर लावलं. साठ ओहम — जितकं असायला हवं तितकं. मग एका हातात मीटर धरून दुसऱ्या हातानं डॅशबोर्डखालची वायर सगळीकडे हलवत गेलो. एका जागी साठाचं शून्य झालं, म्हणजे तिथे वायरी टेकत होत्या. हात काढला, साठ. लावला, शून्य. काळी टेप उलगडली.

जोड माझा होता. बस कुठे आहे ते मालकाच्या फोनवर दाखवणारे ट्रॅकर भाऊसाहेबांच्या सगळ्या बसेसना मीच बसवले होते. एका सुटीत सगळ्या उरकायच्या म्हणून घाई केली होती. दोन्ही वायरी शेजारीशेजारी, एकाच जागी सोलल्या, ट्रॅकरच्या वायरी नुसत्या पिळल्या आणि वर टेप मारली. जोड मागेपुढे घ्यायचे असतात, कथलाचा डाग द्यायचा असतो, हे काय मला माहीत नव्हतं? उन्हानं टेप सैल झाली होती. दणका बसला की उघडी तार उघड्या तारेला टेकत होती.

त्याच मिनिटाला भाऊसाहेबांना फोन लावता आला असता. मी शटर अर्धं खाली ओढलं आणि जोड नीट केला. सोलायची जागा बदलली, डाग दिला, प्रत्येक जोडावर प्लास्टिकची नळी चढवली. इतकं सुंदर काम मी आयुष्यात क्वचित केलं असेल. मग बाकीच्या बसेसही काहीतरी निमित्त काढून एकेक मागवल्या आणि त्यांचे जोडही गुपचूप बदलून टाकले.

आता बघा काय झालं ते. नव्या ड्रायव्हरच्या हाती बस एकदाही बंद पडली नाही. पडणार कशी? आणि तोच ताईंच्या विरुद्ध पुरावा झाला. बाई उतरली, गाडी सुधारली. भाऊसाहेब हे माझ्या गाळ्यात बसून हसत हसत सांगायचे आणि मीही हसायचो. माझं खोटं तोंडचं होतं तोवर कुणी शंका तरी घेतली असती. दुरुस्ती करून मी ते पक्कं केलं. मला स्वतःची लाज वाटत होती, हेही खरं. पण हसायचो.

बस आजही माझ्या गाळ्यावरून जाते. दाराशी ताई उभ्या असतात. सांगायचं ठरवलं तर आजही हात करून थांबवता येईल. मी थांबवलेली नाही.

मागे एकदा शाळेच्या आवारात बसचा कॅमेरा बघायला गेलो होतो. मला पाहून ताईंनी टपरीवरून चहा मागवला. इकडचं तिकडचं बोलल्या. मी आपला खाली मान घालून स्क्रू पिळत होतो. मग त्या अगदी सहज म्हणाल्या, “दादा, तुम्ही त्या टायमाला खरं बोललात ते लय बरं झालं. मलाच भास होत असतील, पुलावर गाडी पण माझ्याच चुकीनं बंद पडली असंल. मागं एवढी लेकरं बसलेली, माझ्या भासापायी काही झालं असतं मंजे? आता मी माहेरी गेले तरी ट्रॅक्टरला हात लावत नाय.”

मी म्हणालो, “बरोबर आहे ताई.”

आणि त्यांनी पुढे केलेला चहा घेऊन प्यालो.