बुधवारचा अनध्याय

माझ्या जावयाला दर बुधवारी सुट्टी असते. ही सुट्टी त्याने आजाराची सबब सांगून मिळवलेली नाही. उत्तरेकडील ज्या थंड देशात तो राहतो तेथील सरकारनेच ती दिली आहे. घरात आठ वर्षांखालील मूल असेल तर आईवडिलांनी आठवड्यातून चारच दिवस कामावर जावे आणि पाचव्या दिवसाचे बुडालेले वेतन बहुतांशी सरकारने भरून द्यावे, अशी तेथे योजना आहे. मुलीने शुक्रवार घेतला, जावयाने बुधवार. तिने फोनवर हे सांगितले तेव्हा, ‘राज्यकर्त्यांना ईश्वराने सद्बुद्धी दिली,’ असे मी म्हणालो, आणि मनापासून म्हणालो. बुधवार हा माझा वार होता, हे त्या क्षणी ध्यानात आले नाही.

माझी नात पाच वर्षांची आहे. ती तीन वर्षांची असल्यापासून दर बुधवारी दुपारी साडेचारला, म्हणजे तिकडे तिचे जेवण उरकल्यावर, मी डोंबिवलीतून तिला स्तोत्राची संथा देत असे. गुरूने चरण एकदा म्हणावा, शिष्याने तो मागून दोनदा म्हणावा, ही संथेची रीत. तिला सांभाळणारी बाई टॅबलेट उभा करून कपड्यांच्या घड्या घालायला निघून जाई. मग आमच्या दोघांमध्ये कोणीच नसे. प्रतिपदेला आणि अष्टमीला अनध्याय, म्हणजे त्या दिवशी अध्ययन बंद, हेही तिला ठाऊक झाले होते. बुधवारी तशी तिथी आली की ती आधीच विचारी, “आबा, आज सुट्टी ना?”

आता त्या बाईच्या जागी जावई बसू लागला. लग्नात संकल्प म्हणताना ज्याच्यासाठी गुरुजींना दोन वेळा थांबावे लागले होते, तो हा गृहस्थ. पहिल्या बुधवारी तो नुसता ऐकत होता. दुसऱ्या बुधवारी ओठ हलवू लागला. तिसऱ्या बुधवारी मी नवा चरण म्हणण्यापूर्वीच नातीने तो म्हणून दाखवला.

“हे कोणी शिकवलं गं?”

“बाबांनी! आम्ही सकाळी अंघोळ करताना म्हटलं.”

“आबा, तुमचंच अख्ख्या स्तोत्राचं जुनं रेकॉर्डिंग लावलं होतं,” जावई घाईने म्हणाला.

“उत्तम, उत्तम,” मी म्हणालो.

त्या सायंकाळी संध्येला बसलो, पण जपाची माळ बोटांत थांबून राहिली. कल्याणच्या शाळेत दिवसभर संस्कृत शिकवून मी ठाण्याला, कोपरीच्या पाठशाळेत जात असे. सकाळी निघताना माझी मुलगी झोपलेली असे आणि परत येताना पुन्हा झोपलेली. परक्यांच्या किती मुलांना मी संथा दिली, पण तिला एकदाही नाही. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिने म्हटलेले श्लोक तिला शेजारच्या काकूंनी शिकवले होते. मला कोणत्या सरकारने बुधवार दिला होता? जावयाला तो न मागता मिळाला, आणि त्याने त्यात माझा बुधवारही घेतला.

पत्नी देवघराच्या दारातून म्हणाली, “अहो, जावयावर जळता की काय?”

“काहीतरीच बोलू नकोस.”

“मग माळ का थांबली?”

पुढच्या बुधवारी साडेचारला स्क्रीनवर पाहिले तर नात जावयाच्या मांडीवर बसलेली, आणि तो तिची वेणी घालत होता. मी म्हणालो, “बाळ, आज अनध्याय आहे. आज संथा नाही.” आयुष्यात आजवर शास्त्राच्या नावाने मी असत्य बोललो नव्हतो.

ती खट्टू झाली. मग बापाचा फोन ओढून घेऊन त्यातल्या पंचांगाची अक्षरे जुळवू लागली.

“आबा, बाबांच्या पंचांगात तर आज षष्ठी आहे. षष्ठीलापण सुट्टी असते?”

“अगं, आबांचं पंचांग वेगळं असेल,” जावई चटकन म्हणाला. “तिकडची तिथी वेगळी असू शकते.”

त्याला सर्व कळले होते, आणि तो माझे खोटे झाकत होता. त्याचा तो चांगुलपणा मला अधिक झोंबला. पण ती माझ्याकडे पाहत होती. आज मी गप्प राहिलो असतो तर यापुढे माझ्या तोंडून आलेली कोणती तिथी तिने खरी मानावी?

“पंचांग तेच आहे,” मी म्हणालो. “आज षष्ठीच आहे. मी खोटं बोललो.”

“का?”

“तुझे बाबा तुझ्याजवळ बसतात, म्हणून मला राग आला.”

तिने विचार केला. “मग तुम्हीपण या ना इकडे बसायला.”

जावयाने वेणीला रबर लावले आणि तिला मांडीवरून उतरवले. “आबा, मी आत भांडी घासतो. तुमची संथा होऊ दे,” असे म्हणून तो उठला. त्याच्या स्वरात टोमणा नव्हता.

महिनाभर मी हेच इच्छिले होते. मी चरण म्हटला. तिने एकदा म्हटला. दुसऱ्या वेळी तिचा आवाजच आला नाही. मान आतल्या दाराकडे वळली होती. मी थांबलो. ती अर्धा चरण म्हणाली आणि पुन्हा तिकडे पाहू लागली.

“बोलाव त्यांना,” मी म्हणालो.

तो ओले हात पुसत आला. “जावईबापू, मांडी घालून ताठ बसा,” मी सांगितले, “आणि ऐकून म्हणायचं, फोनमध्ये पाहून नाही.” मुद्दाम मी एक लांब, समासांनी भरलेला चरण निवडला. पहिल्या वेळी तो मध्येच अडखळला, आणि मला झालेला आनंद मी येथे लपवत नाही. दुसऱ्या वेळी नातीने त्याचा अंगठा धरला. आता ती माझ्याकडे पाहत नव्हती, त्याच्या ओठांकडे पाहून म्हणत होती, आणि दोघांचा चरण शेवटपर्यंत निर्दोष गेला.

मी पुढचा चरण सांगितला.