नवरा परत येतो तो भाग

कमळआत्या गेली ती भर दुपारी, मालिकेचं पुनःप्रक्षेपण चालू असताना. आदल्या संध्याकाळी पाहिलेला भाग ती दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा पाहायची, कारण काल वाटला तेवढाच तो भिकार आहे का, याची तिला खात्री करून घ्यायची असायची. शेजारच्या हमीदाभाभींचा जालन्याला माझ्या ऑफिसात फोन आला. "रेखा बेटा, जल्दी आ. तुमारी आत्या बैठे बैठेच चली गई," एवढंच त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या मागं टीव्हीवर कोणी बाई गळा काढून रडत होती ते मला स्पष्ट ऐकू आलं. म्हणजे आत्यासाठी त्या घरात पहिलं रडणं झालं ते एका भाडोत्री बाईचं... आत्याला हे कळतं, तर तिनं उठून आधी टीव्हीचा आवाज बंद केला असता आणि मग पुन्हा मरायला गेली असती.

अंबडला पोचले तर ओट्यावर वेगळंच नाटक रंगलेलं. अंतरवाली सराटीहून थोरली काकू, म्हणजे आत्याची मोठी भावजय, माझ्या आधी येऊन पोचली होती आणि तिनं सगळी सूत्रं हातात घेतली होती. एक माणूस हिरवं लुगडं आणि हिरवा चुडा आणायला दुकानात पिटाळला होता. दुसरा जीप घेऊन परतूरला, आतोबांना आणायला. "भाग्याची गं बाई, अहेव गेली," असं काकू येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होती. नवरा जिवंत असताना बाई गेली तर तिला हिरव्या लुगड्यात, नवऱ्याच्या हातचं कुंकू लावून पाठवायचं, ही आमच्याकडची रीत. त्या नवऱ्यानं तिला टाकून परतूरला दुसरं घर थाटलं, त्याला इतकी वर्षं झाली होती की मी तेव्हा शाळेतही जात नव्हते. पण कोणी बघत नसलेली मालिका जशी उगाच चालू राहते, तसं आत्याचं सौभाग्य कागदोपत्री चालू होतं. आणि मला माहीत होतं की आत्यानं याच हिरव्या लुगड्याला साफ नकार देऊन ठेवलेला आहे.

आत्या माहेरी परत आली तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला पुढची खोली दिली. अण्णा कोणाच्या अध्यात ना मध्यात. बहिणीला का टाकलं, हे त्यांनी मेहुण्याला कधी विचारलं नाही आणि बहीण घरात का राहते, हे लोकांना कधी सांगितलं नाही. आत्यानं त्या खोलीत शिलाई मशीन टाकलं. ब्लाउज, परकर, साडीला फॉल. पुढं अंबडला घराघरांवर अँटेना दिसू लागल्या तेव्हा तिनं स्वतःच्या कमाईतून सरकत्या दारांचा काळा-पांढरा टीव्ही घेतला आणि मशीन असं वळवून ठेवलं की टाका आणि पडदा दोन्ही एका नजरेत यावेत. केबल आली, रोजच्या मालिका आल्या, रंगीत टीव्ही आला, पण मशीनची जागा हलली नाही.

आणि तोंडाचा पट्टाही थांबला नाही. आत्याचं मालिका पाहणं म्हणजे पंचनामा असे. पडद्यावरची सून भरजरी साडी नेसून, गळ्यात सोन्याचं दुकान घालून झोपायला निघाली की आत्या म्हणायची, हिला रात्री कूस बदलता येत नसेल, म्हणून ही सकाळी इतकी चिडकी असती. घरातल्या बाप्यांचा मोठा बिझनेस असायचा, पण कशाचा ते कधीच कळायचं नाही. सरकी विकतात का छत्र्या, निदान तेवढं तरी सांगा, असं ती पडद्याला विचारायची. त्या वाड्याएवढ्या घरात जेवणं रोज व्हायची, पण खरकटं काढताना, भांडी घासताना कोणी दिसायचं नाही. कोर्टाचा भाग लागला की तिला विशेष चेव चढे. आमचं घर कोर्टाच्या रस्त्यावर. तारखेला आलेल्या बाया वकिलाची वाट बघत आमच्या ओट्यावर बसायच्या, पोरांना तिथंच पाजायच्या, आणि निकालाच्या आधी त्यांची पोरं लग्नाला यायची. मालिकेत मात्र जाहिरातीच्या आधी आरोप आणि जाहिरातीनंतर फाशी. ब्लाउजांवर तर ती बोलायचीच नाही, नुसती नाक मुरडायची. अस्तर न लावता शिवलेला ब्लाउज म्हणजे तिच्या लेखी खुनापेक्षा थोडासाच लहान गुन्हा होता.

खेड्यांत लाइट नसायची. ऐन मालिकेच्या वेळेला भारनियमन. मग बाजाराच्या दिवशी एसटीनं अंबडला आलेल्या बाया ब्लाउजाचं माप द्यायच्या निमित्तानं आत्याकडं यायच्या आणि हुकलेले भाग ऐकून जायच्या. आत्या गोष्ट सांगायची ती तिच्या शेऱ्यांसकट. एक बाई मला म्हणाली होती, पाहण्यापेक्षा तुमच्या आत्याकडून ऐकलेलंच बरं, निदान कोण मूर्ख आहे ते तरी समजतं. मी एकदा आत्याला चिडून विचारलं की इतका राग येतो तर बघतेस कशाला. ती दातांनी दोरा तोडत म्हणाली, "घरात शिव्या घालायला कोणी तरी लागतंय ना बाई. मला दुसरं कोण हाय?"

तिच्या बैठकीत दोघी कायमच्या. हमीदाभाभी खुर्चीत, सुपारी कातरत, सगळं मजेत बघणाऱ्या. मालिकेतली कजाग सासू त्यांना फार आवडायची. दुसरी थोरली काकू. तिच्या घरी टीव्ही नव्हता. थोरल्या काकांना ती थेरं वाटायची. काकांना भाजीत मीठ कमी पडलं तर ते ताट भिरकावायचे आणि काकू ते निमूट गोळा करायची, हे आम्ही पोरं लहानपणापासून बघत आलो होतो. तर ही काकू दर आठवड्याला काहीतरी निमित्त काढून अंबडला यायची आणि पडद्यावरच्या छळल्या जाणाऱ्या सुनेसाठी ढसाढसा रडायची. त्या सुनेनं सगळं सोसून नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवलं की काकूला कृतार्थ वाटायचं. आत्या म्हणायची, "वहिनी, पदर पिळून घ्या, ब्लाउज भिजून राह्यला." मला काकूची कीव सुद्धा यायची नाही. इतकं रडून ही बाई परत त्याच ताटं गोळा करायच्या घरी जाते आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा रडायला येते, याचा मला संताप यायचा.

मग तो प्रसंग. मालिकेत त्या दिवसांत एक नवरा परत आला होता. चांगला धडधाकट, दुसरीच्या घरी राहून आलेला, आणि बायकोनं त्याला ओवाळून घरात घेतलं होतं. काकू तो भाग बघून जी पेटली ती थेट परतूरला निरोप धाडून बसली. तिकडं आतोबांना दुसऱ्या घरच्या पोरांनी नुकतंच बाहेर काढलं होतं, म्हणजे आयत्या बिळाची गरज होतीच. पुढच्या आठवड्यात नागोबा पिशवी घेऊन अंबडला हजर. काकू तबक घेऊन उंबऱ्यात उभी. तबकात निरांजन, कुंकू, सुपारी, सगळं मालिकेत होतं तसंच्या तसं. फक्त मागं वाजणारं संगीत तेवढं तिला मिळालं नव्हतं. गल्लीतल्या बाया ओट्याखाली जमलेल्या. मी सुटी असल्यामुळं तिथंच होते. आतोबा डोळ्याला रुमाल लावून म्हणाले, "कमळ, मी चुकलो. मला पदरात घे."

आत्यानं मशीन थांबवलं नाही. शिवण संपेपर्यंत ते घरघरत राहिलं. मग तिनं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. ती नजर मी ओळखत होते, अस्तर न लावलेल्या ब्लाउजाकडं ती तशी बघायची. "ह्ये मी लई वेळा ऐकलंय," ती म्हणाली. "त्या लोकांना बोलायचे पैसे तरी मिळत्यात. चहा घ्या. परतूरची गाडी हाय थोड्या वेळात." आतोबांनी चहा घेतला. खरं सांगते, बशीत ओतून सावकाश घेतला. आणि गेले. काकूच्या तबकातलं निरांजन कोणी न ओवाळताच विझलं.

त्यानंतर काही दिवसांनी त्याच मालिकेतली ती बायको मरणाच्या दारात पोचली. नवऱ्यानं तिच्या भांगात कुंकू भरलं, अंगावर हिरवी साडी घातली आणि ती हसत हसत मेली. काकूचं हुंदक्यांवर हुंदके चाललेले. आत्या उठली आणि तिनं भाग अर्धवट असताना टीव्ही बंद केला. असं तिनं आधी कधी केलं नव्हतं. शिव्याही घातल्या नाहीत. आम्हा तिघींसमोर उभी राहून ती म्हणाली, "माझं असलं करू नका. हिरवं लुगडं नको, त्याच्या हातचं कुंकू नको. कुंकू मला माझ्या आईनं लावलंय, त्यानं न्हाई." सगळा तिरस्कार गळून पडलेला तिचा आवाज मी तेवढा एकदाच ऐकला, आणि मला भीती वाटली.

हे काकूनंही ऐकलं होतं. आणि तरी आत्या गेली त्या दिवशी ती ओट्यावर हिरव्या लुगड्याची घडी मोडत उभी होती.

जीप आली. आतोबा उतरले, हातात कोणी तरी कुंकवाची डबी दिली. मी आडवी आले. आत्या काय म्हणाली होती ते सगळ्यांना सांगितलं. काकू म्हणाली, बोलतं माणूस रागात, म्हणून काय रीत सोडायची? लोक काय म्हणतील? भावकीतल्या पुरुषांनी माना डोलावल्या. तेव्हा हमीदाभाभी पुढं आल्या. "मेरे सामने बोली थी कमल. हरी साड़ी नक्को, उसके हाथ का कुंकू नक्को. बिलकुल नक्को बोली." भावकीतला एक शहाणा त्यांना म्हणाला की भाभी, हा आमच्या घरचा मामला आहे, तुम्ही यात पडू नका.

आणि अण्णा बोलले. इतका वेळ ते भिंतीला टेकून बसले होते. "मामला घरचाच हाय," ते म्हणाले. "त्या रोज या घरात होत्या. ह्ये कुठं होते?" अण्णा उठले, पायांत चपला घातल्या आणि त्या उन्हात स्वतः दुकानात गेले. येताना डाळिंबी रंगाचं, बारीक काठाचं लुगडं घेऊन आले. भावाकडचं. हमीदाभाभींनी बोटांनी पोत बघितला आणि मान हलवली. न्हाऊ घालून झाल्यावर कुंकू मी लावलं. आतोबांनी एव्हाना रडायला सुरुवात केली होती, पण बघायला कोणी वळेना तेव्हा ते थांबले. अग्नी अण्णांनी दिला.

तेराव्यापर्यंत टीव्हीवर चादर होती. सुतकात टीव्ही लावायचा नाही, म्हणून सांत्वनाला मुक्काम ठोकून बसलेल्या पाहुण्या बाया मालिकेच्या वेळेला एकेक करून शेजाऱ्यांकडं सटकायच्या आणि येताना डोळे पुसत यायच्या, आत्याच्याच दुःखात असल्यासारख्या. आत्याला केवढं खाद्य मिळालं असतं... ते सगळं मी मनात साठवत होते आणि सांगायला कोणी नव्हतं. मला आत्याची फार आठवण येते. माणसांचा मूर्खपणा तिच्याशिवाय नुसताच मूर्खपणा वाटतो, त्यातली गंमत गेली.

गेल्या आठवड्यात मी अंबडला गेले होते. हमीदाभाभी सवयीनं येऊन त्यांच्या खुर्चीत बसल्या. आणि मालिकेच्या वेळेला दारात थोरली काकू. हातात ब्लाउजपीस. शिवणारी गेली, हे तिला माहीत नव्हतं थोडंच, पण घरून निघायला काहीतरी निमित्त लागतंच. मी टीव्ही लावला. ती आत्याच्या मशीनपाशी, स्टुलावर बसली. पडद्यावर सुनेचा छळ चालला होता. मी वाट बघत होते की आता ही रडेल आणि आत्याच्या वाटणीचंही मीच काहीतरी खरपूस बोलेन. वाक्य जिभेवर तयार होतं.

काकू रडली नाही. नवरा बायकोवर ओरडत होता आणि ती कोरड्या डोळ्यांनी बघत होती. जाहिराती लागल्या तरी तिनं पडद्यावरची नजर काढली नाही. तशीच, माझ्याकडं न बघता, हळू म्हणाली, "रेखा, तुझे काका माझ्या मागं राहतील बघ. तब्येत चांगली हाय त्यांची."

मी हं म्हटलं.

"मंग माझं बी तसंच कर माय. मला बी हिरवं नको."