बोंबलांसाठी थांबणारा डंपर

पानात सुके बोंबील पडले की ती केस आजही आठवते आणि जेवता जेवता हसू येतं.

२०१७ साली डहाणू तालुक्यात, किनाऱ्याकडच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. उन्हाळा लागला होता. फोनवर खबर आली: वरोरच्या रस्त्यावर मुरमाचा एक डंपर रोज थांबतो, ड्रायव्हर कॅन उतरवतो आणि बायका ते घेऊन जातात. म्हणजे डिझेलचोरीच. खबर देणारा नाव सांगेना. बोलता बोलता हॉर्न मात्र सारखा दाबत होता.

हवालदारांनी लांबून सापळा लावला; ते धावत पोहोचेपर्यंत बायका पांगल्या होत्या, म्हणून ड्रायव्हरला डंपर व दोन रिकाम्या कॅनसह ठाण्यात आणलं. कॅन डिझेलचे, वासही तोच. माल कुणाला विकतोस विचारलं की गडी मान खाली घालायचा. अट्टल चोर भरपूर बोलतात. गप्प बसणारा बहुधा काहीतरी वाचवत असतो.

तेवढ्यात माझं लक्ष हवालदारांच्या बुटांकडे गेलं. चिखलाने माखलेले. ऐन उन्हाळ्यात रस्त्यावर चिखल?

"कॅनमध्ये पाणी होतं ना?" मी विचारलं.

तो रडवेला झाला. "हो साहेब. रस्त्याकडेला बोंबील वाळत असतात. डंपर गेला की सगळी धूळ त्यांच्यावर. मी खाणीवरून पाणी आणतो, बायका रस्त्यावर शिंपडतात, मग हळू गाडी काढतो. पण शेठला सांगू नका. फेरीला उशीर होतो कळलं तर कामावरून काढतील."

शेठ दारातच उभा होता, गाडी सोडवायला आलेला. "तरीच रोज उशीर! उद्यापासून येऊ नको!"

त्याच्यामागून वरोरची एक मासळीवाली मावशी टोपली घेऊन आत घुसली. ड्रायव्हरला पकडल्याचं कळताच ती रिक्षा करून आली होती.

"शेठ, गेल्या साली काय बोललेलास? 'मावशी, तुझे बोंबील कचकच लागतात.' औंदा लागले काय?"

"नाय," शेठ पुटपुटला.

"का नाय, ते याला विचार!"

सगळं ठाणं हसलं. मी स्टेशन डायरीत 'खबर निराधार' अशी नोंद केली. शेठ दारापर्यंत गेला आणि वळून ड्रायव्हरला म्हणाला, "उद्या ये. आणि कॅन नवे घे. बोंबलांना डिझेलचा वास नको."

रस्त्यावर जेवढी गाडी मोठी, तेवढं आधी थांबणं तिचं काम, हे मला त्या माणसाने शिकवलं. आता मी माझ्या छोट्या गाडीने तिथून जातो, तरी बोंबील दिसले की वेग कमी करतो. मागून हॉर्न वाजतो, त्या खबर देणाऱ्यासारखाच. वाजू दे.