सावलीला कुलूप

माझा नवरा फार गोड आवाजात बोलायला लागला की मी आधी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवते. त्या दिवशी तो असाच म्हणाला की नकाशे काढायचं आपलं जुनं सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर चालत नाही, दुसरं घ्यावं लागेल, आणि त्याने माझंही काम सोपं होईल. माझं काम अवघड आहे अशी तक्रार मी कधीच केली नव्हती. तेव्हाच मला वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

शहाद्यात आमचं दोघांचं छोटं ऑफिस आहे. तो घरं काढतो, मी घराबाहेरचं सगळं बघते: अंगण, झाडं, पाण्याचा निचरा, ट्रॅक्टर वळायची जागा. आम्ही एकाच कॉलेजात शिकलो, त्यामुळे आपसात अरे-तुरे चालतं, फक्त गिऱ्हाईक समोर असलं की मी त्याला अहो म्हणते. कामाची रीत मात्र पहिल्यापासून ठरलेली. नवी जागा आली की भर उन्हाळ्यात, दुपार कलल्यावर मी तिथे जाते. जागेवरच्या झाडांची सावली जिथपर्यंत पडते, तिथे चुन्याच्या फक्कीने जमिनीवर रेघ ओढते. ती रेघ मोजून कागदावर येते आणि मग तिला धरून तो घर काढतो. आमच्याकडचं पश्चिमेचं ऊन एकदा घराच्या मागे लागलं की पंख्याचं वारंसुद्धा भाजतं, म्हणून ही सगळी उठाठेव. खेड्यांतून लोक मला सावलीवाली ताई म्हणतात. पहिली रेघ माझी, एवढीच काय ती माझी इस्टेट, आणि तिच्यावर कुणाचा तरी डोळा आहे असं मला वाटू लागलं होतं.

सॉफ्टवेअर विकणाऱ्या माणसाने सुरतेहून व्हिडिओ कॉल लावला. हिंदीत मराठी पेरत तो झरझर दाखवत गेला. एक बटण दाबलं की घर उभं, दुसरं दाबलं की भोवती हिरवळ, तिसऱ्याने सकाळची सावली सरकत संध्याकाळपर्यंत जायची. मॅडमना आता उन्हात जायची गरजच नाही, असं त्याने दोनदा सांगितलं. मी विचारलं, यात निंब आहे का? त्याने बराच वेळ शोधलं. ताडासारखं काहीतरी होतं, चेंडूसारखी गोल झाडं होती, पांढऱ्या फुलांचं एक नाजूक झाड होतं. निंब नव्हता, चिंच नव्हती, महू, म्हणजे मोह, तर नव्हताच. कुठलंही लावा, सावली सारखीच, असं तो म्हणाला. या झाडांची पानगळ कधी होते, असं मी विचारलं आणि नेमका त्याचा आवाज गेला. तो गेला की त्याने घालवला, याबद्दल माझं मत ठरलेलं आहे.

त्याहून वाईट एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पुढचं बटण कुठे आहे ते विक्रेत्याने सांगायच्या आधीच माझ्या नवऱ्याचं बोट तिकडे जात होतं. म्हणजे हे प्रकरण आज सुरू झालेलं नव्हतं.

मग मी पाळत ठेवली. मी चहा घेऊन आले की त्याच्या पडद्यावर पटकन नगरपालिकेचा एखादा रटाळ नकाशा यायचा. त्याचं लपवणं इतकं भाबडं होतं की दुसऱ्या कुणा बाईची भानगड असती तर त्याने ती यापेक्षा बरी लपवली असती. विचारलं तर म्हणाला, फुकटात वापरून बघतोय, तुझ्याशिवाय थोडंच घेणार आहे. मला राग आला होता, पण रागापेक्षा भीती जास्त होती. सावली जर बटणातून निघणार असेल, तर उन्हात उभी राहणारी बाई ऑफिसला कशाला हवी?

आणि एका सकाळी आमच्या नेहमीच्या नर्सरीवाल्याचा फोन आला. म्हसावदचं तुमचं गिऱ्हाईक आलंय, म्हणाला. मोबाइलवर घराचं चित्र दाखवतंय, त्यातलं पांढऱ्या फुलांचं झाड मागतंय. तुमच्या ऑफिसातून आलंय म्हणे. असलं झाड मी बापजन्मात पाहिलेलं नाही, त्याचं नाव तरी सांगा.

मी कुठलंही चित्र पाठवलं नव्हतं. म्हसावदला तर मी अजून सावली आखायलासुद्धा गेले नव्हते. ते काम उन्हाळ्यावर गेलंय, असं मला घरातच सांगण्यात आलं होतं. फोन ठेवता ठेवता नर्सरीवाला म्हणाला की त्या लोकांनी जागा मोकळी करायला आज माणसंही लावली आहेत. मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने गाडीची किल्ली उचलली.

आम्ही म्हसावदला पोचलो तेव्हा जागेवरचा जुना निंब उभा होता, पण अर्धा. पश्चिमेकडच्या सगळ्या फांद्या खाली पडल्या होत्या आणि माणसं चहा प्यायला बसली होती. मी गाडीतून उतरता उतरताच त्यांना थांबायला सांगितलं. शेताचा मालक, म्हणजे आमचं गिऱ्हाईकच, धावत आला. तो सरळ माणूस, आपलं काय चुकलं तेच त्याला कळेना. त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला.

"ताई, तुमना फोटोमा निंब कोठे शे? त्या जागावर हाऊ धवया फूलना झाड शे. म्हनीसनी निंब तोडाले लाई दिधा."

चित्रात निंबाच्या जागी ते पांढऱ्या फुलांचं झाड होतं, त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्या भागात ऑफिसातून आलेलं चित्र म्हणजे हुकूम. जे चित्रात आहे ते आणायचं, जे नाही ते काढायचं.

नवरा हळू आवाजात म्हणाला, "सॉफ्टवेअरमध्ये निंब नव्हता, म्हणून ते झाड ठेवलं. मी तिथे निंबच धरला होता."

"मनात," मी म्हटलं.

परतताना तो आपणहून बोलला. गिऱ्हाईक आता उन्हाळ्यापर्यंत थांबत नाही, सगळ्यांना मोबाइलवर चित्र हवं असतं, तुझ्या सावलीची वाट बघताना कामं हातची जातात. तुला सांगितलं असतं तर तू अडून बसली असतीस, म्हणून सांगितलं नाही. हे कारण खरं होतं, आणि म्हणूनच मला ते जास्त झोंबलं.

मग सॉफ्टवेअर मीच निवडलं. सुरतेचं नाही. मी घेतलेलं दिसायला अगदी रुक्ष आहे, त्यात झाडं म्हणजे नुसती वर्तुळं. पण आपली झाडं आपल्याला बनवता येतात आणि फाइलला पासवर्ड घालता येतो. मी चिकाटीने ते शिकले. पानगळीतला निंब वेगळा आणि पालवीतला वेगळा, असे दोन्ही बसवले. आता प्रत्येक जागेची फाइल मी सुरू करते, आणि माझी सावली तीत येईपर्यंत ती त्याच्यासाठी उघडत नाही.

म्हसावदचं घर झालं. दुपारनंतर त्यांच्या ओट्यावर बसवत नाही, त्यांनी हिरवी जाळी बांधली आहे. पांढऱ्या फुलांचं ते चित्र मोठं करून, काच लावून बैठकीत टांगलंय. तिथे गेले की मी त्या चित्राकडे पाठ करून चहा पिते.

यंदा लोणखेड्याची जागा आली. बांधावर मोठी चिंच. नवरा दोन-चारदा माझ्या टेबलापाशी येऊन घुटमळला. शेवटी म्हणाला, "फाइल उघडून दे ना. पोर्चचं तेवढं बसवून बघतो."

"आधी साइटवर चल," मी म्हटलं. "फक्की तू ओढायची."

आला बिचारा. टोपी घालून, घाम पुसत, वाकून त्याने सावलीच्या कडेने सगळी रेघ ओढली आणि पिशवी झटकत माझ्याकडे बघितलं. आता झालं, या भावनेने. क्षणभर मलाही वाटलं की झालं. मग मी त्या रेघेवरून चालत गेले. तिन्ही बाजूंनी ती बरोबर होती. चौथ्या बाजूला, जिथे त्याचा पोर्च यायचा होता, तिथे त्याने रेघ पोर्चच्या सोयीने आत घेतली होती आणि सावली तिच्या बाहेर पसरली होती.

मी चपलेने तेवढी रेघ पुसली आणि पिशवी परत त्याच्या हातात दिली.